बाबांनी दुरुस्त केलेला कावळा

मूल शाळेत जायला लागलं की आपल्याकडे आईबापही पुन्हा शाळेत जातात. थर्माकोलचा किल्ला बाप कापतो, भाषण आई लिहिते, बक्षीस मिळालं की दोघं मिळून पेढे वाटतात, आणि पोर? पोर बिचारं फोटोपुरतं उभं राहतं! आता थर्माकोल गेलं, कोडिंग आलं. पण सुंभ जळला तरी पीळ जाईल तर शपथ.

ऐरोलीच्या खाडीकडच्या एका टॉवरमध्ये राहणारे चंद्रशेखर हे याच माळेचे मणी. आयटी कंपनीत टीम लीड. हाताखालच्या पोरांचं काम बघायचं, नाक मुरडायचं आणि "सरक, मी करतो" म्हणून स्वतःच कीबोर्ड ओढायचा, ही त्यांची कामाची पद्धत. "हल्लीच्या पोरांना काही येत नाही हो!" असं ते लिफ्टमध्ये भेटेल त्याला सांगत. साहेब, तुम्ही येऊ द्याल तेव्हा ना!

सोसायटीत शुभदाताई राहत. वाशीच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवून निवृत्त झालेल्या. दर रविवारी हॉलमध्ये त्या मुलांना गोळा करून गेम बनवायला शिकवत. पडद्यावर रंगीत ठोकळे जोडायचे की चित्रं हलू लागतात, एवढं साधं कोडिंग. फी नाही, सर्टिफिकेट नाही. त्यामुळे पालकांना त्या क्लासबद्दल फारसा आदरही नव्हता. पण सोसायटीच्या वर्धापनदिनाला मुलांचे गेम सगळ्यांसमोर दाखवायचे ठरले, आणि घराघरातले आईबाप खडबडून जागे झाले. चारचौघांत इज्जतीचा प्रश्न हो!

आदल्या दिवशी संध्याकाळी चंद्रशेखरांची लेक मैत्री लॅपटॉप घेऊन आली. चौथीतली पोर, पण डोळे चमकत होते नुसते.

"बाबा, खेळून बघा ना. आईनं गच्चीवर जवळा वाळत घातलाय. कावळा येतो. जवळा सांभाळायचा."

चंद्रशेखरांनी कावळ्याला हाकललं. कावळा मोठा झाला. पुन्हा हाकललं, आणखी मोठा झाला. ते खो खो हसले.

"अगं, उलटं केलंयस की! हाकलला तर जायला पाहिजे ना तो? आणि याला पाय किती काढलेत, तीन?"

"उलटं नाही बाबा, तो ना..."

"बग आहे हा, कोडमधली चूक! आणि सुकी मासळी काय दाखवायची लोकांना? सरक, मी करतो."

आणि त्यांनी केलं! गच्ची गेली, जवळा गेला, कावळा गेला. त्या जागी रॉकेट आलं, उल्का आल्या, धडाम धुडूम आवाज आले. स्वयंपाकघरातून सुमेधा म्हणाली, "अहो, गेम तिनं दाखवायचाय की तुम्ही?"

"तुला त्यातलं कळत नाही," हे ठरलेलं उत्तर मिळालं.

मैत्री रडली नाही. रॉकेट बघून "छान आहे" म्हणाली आणि जेवायला बसली. ताटात मात्र नुसती बोटं फिरवत राहिली. मग हळूच आईला म्हणाली, "मी आता ताईंकडे शिकायला नाही जाणार. मला नाही येत ते. बाबांनी सगळंच पुसलं, म्हणजे सगळंच चुकलं असणार ना?"

सुमेधानं नवऱ्याकडे पाहिलं. नवरा रॉकेटला ज्वाळा लावत होता.

दुसऱ्या दिवशी हॉल भरला. आईबापांची तोंडं बघण्यासारखी होती! सेक्रेटरी धर्मराज पाटील पहिल्या रांगेत पाय पसरून बसले होते. त्यांच्या निखिलचा मोटारींच्या शर्यतीचा गेम होता. "पोरगा जीनियस आहे," असं ते आल्या-गेल्याला ऐकवत होते.

शुभदाताई उभ्या राहिल्या. "आज भाषण नाही, परीक्षक नाहीत. प्रत्येकाचा गेम दुसरं मूल खेळेल आणि एक बदल मागेल. ज्याचा गेम, त्यानं तो बदल इथेच करून दाखवायचा. आणि पालकांनी काय करायचं? हाताची घडी, तोंडावर बोट!"

हशा झाला. तो लगेच विरलाही.

एक चिमुरडी निखिलचा गेम खेळली आणि म्हणाली, "गाडी थोडी हळू कर ना." एवढंच! निखिलनं पडद्याकडे पाहिलं, मग पप्पांकडे. पप्पा उठलेच.

"अरे, ते वर बघ, वर... थांब, फोन लावतो. ते माझ्या भाच्यानं..."

आणि त्यांनी जीभ चावली. हॉलमध्ये खसखस पिकली. पण हसणाऱ्यांची पाळी आली तेव्हा त्यांचीही तीच गत. जीनियस पोरं एकामागून एक येत होती आणि पडद्यासमोर मुक्यानं उभी राहत होती. मागून आया कुजबुजत होत्या, बाप खाणाखुणा करत होते. लाज, लाज म्हणतात ती हीच!

चंद्रशेखर तेवढ्यातही सुमेधाच्या कानाशी लागले, "बघ, लोक भाच्यांकडून करून घेतात. आपण निदान स्वतः तरी केलं." काय पण अभिमान!

मैत्रीची पाळी आली. निखिल खेळला. म्हणाला, "रॉकेट वाकडंतिकडं उडव ना, मजा येईल."

मैत्री खाली मान घालून उभी राहिली. चंद्रशेखर तीरासारखे पुढे आले, हात माऊसवर पडला. "सरक, मी..."

"चंद्रशेखर, हात!" शुभदाताई कडाडल्या. हात मागे गेला. "हा तिचा गेम नाही. तिचा कुठे आहे?"

"ताई, त्यात चुका होत्या. कावळा हाकलला की मोठा व्हायचा."

"का मोठा व्हायचा, ते विचारलंत?"

विचारायचं असतं, हेच मुळी चंद्रशेखरांना ठाऊक नव्हतं.

"तो चिडायचा," मैत्री पुटपुटली. "गच्चीवर खरंच तसं होतं. हाकलला की चिडतो, आणखी जोरात येतो. आई कोपऱ्यात त्याच्यापुरता जवळा ठेवते. मग तो तेवढंच खातो आणि जातो. गेममध्येपण तसंच जिंकायचं होतं."

चूक नव्हती! ती युक्ती होती, पोरीनं डोळे उघडे ठेवून गच्चीवरून आणलेली. आणि शिकल्यासवरल्या बापानं ती कचरा समजून पुसली होती!

"ऐकलंत?" ताई म्हणाल्या. "तुम्हाला वाटतं, मी यांना नोकरीसाठी तयार करते. छट्! आपल्या मनातली गोष्ट आपल्या हातानं उभी करायची, बिघडली तर चूक आपणच शोधायची, एवढंच शिकवते मी. तुमचं रॉकेट झक्कास आहे हो. पण त्यात पोर कुठे आहे? मदत करायची तर प्रश्न विचारा. तिच्या हातातलं काम हिसकावून घेता आणि वर त्याला मदत म्हणता?" मग त्या मैत्रीकडे वळल्या. "कावळा परत करशील?"

"पुसलाय ना तो."

"केला होता कोणी?"

"मी."

"मग?"

मैत्री खुर्चीवर बसली. चंद्रशेखर शेजारी बसले, हाताची घडी आणि तोंडावर बोट. पडद्यावर गच्ची आली, तीन पायांचा कावळा आला. एकदा तो उडाला तो परत येईचना. चंद्रशेखरांना चूक कुठे आहे ते लख्ख दिसत होतं. घडीतले हात नुसते शिवशिवत होते. मैत्रीनं ओठ चावला, ठोकळे काढले, लावले, पुन्हा काढले.

"अय्या, इथे होय!" ती ओरडली, आणि कावळा परत आला.

निखिलनं त्याला इतकं हाकललं की कावळ्यानं अख्खा पडदा व्यापला! हॉल हसून लोळला. मग निखिलला कोपरा सापडला, त्यानं तिथे जवळा ठेवला, कावळा गेला. निखिल उडीच मारून म्हणाला, "आता बदल मागू? गच्चीवर सेक्रेटरीपण आण, 'मासळी वाळवू नये' अशी नोटीस घेऊन!"

धर्मराजांचा चेहरा पडला. मैत्रीनं मात्र हसत हसत ढेरपोट्या सेक्रेटरी आणलासुद्धा. कोणालाही न विचारता!

घरी जाताना चंद्रशेखर म्हणाले, "मैत्री, मी कालच विचारायला हवं होतं गं. चुकलो मी."

"मग आता विचारा ना."

"त्याला तीन पाय का?"

"दोन टेकलेले, आणि त्यातलाच एक उचललेला हो! चालताना दिसतो तसा." आणि ती बापाच्या अडाणीपणावर मनसोक्त हसली. "पुढच्या रविवारी सेक्रेटरीला पळायला शिकवणारे मी."

सोमवारी ऑफिसात एका ज्युनिअरनं काम दाखवलं. चंद्रशेखरांचा हात सवयीनं पुढे गेला आणि अर्ध्यावरच थांबला. त्यांनी हाताची घडी घातली. "हे असं का केलंस? सांग, ऐकतो." तो मुलगा बघतच राहिला.

तेव्हा मंडळी, मुलांना मदत जरूर करा. शेजारी बसा, विचारा, त्यांचा गेम खेळून हरासुद्धा. पण त्यांचा कावळा त्यांनाच उडवू द्या. शाळेत आपल्याला जे दामटून शिकवलं, ते आता तरी पाळा. हाताची घडी, तोंडावर बोट!