शववाहिकेचा एसी

साहेब, माझी धडधाकट गाडी तुम्ही मारलीत. आजारी होता तो तिचा एसी. आणि माझी गाडी शववाहिका आहे, तेव्हा मेलेलं कोण आणि जिवंत कोण, हे मला तुमच्या खात्यापेक्षा जास्त कळतं.

एसी चार वर्षं बंद होता. मागे झोपणाऱ्यांपैकी एकानेही उकडतंय म्हणून कुरकुर केली नाही. पण गेल्या महिन्यात त्याचा कॉम्प्रेसर जाम झाला. या जुन्या गाडीत कॉम्प्रेसर, पाण्याचा पंप आणि डायनॅमो एकाच पट्ट्यावर फिरतात. एक अडला की तिघांची बोंब. पट्टा तुटला तो ऐन चढावर. प्रवासी सोडून सगळे ढकलायला उतरले.

त्यात तुमची आरटीओची तपासणी आली. तुमच्या माणसाने बटण दाबलं आणि म्हणाला, "बसवलेली वस्तू चालू पाहिजे, नाहीतर काढून टाका." शिक्का मिळाला नाही. शिक्का नाही तर गाडी रस्त्यावर नाही.

गाडी बहिणीच्या नवऱ्याच्या गॅरेजात लावली.

"भाऊजी, किती वेळ लागेल?"

"तुझी बहीण तयार होऊन बाहेर पडेपर्यंत."

"म्हणजे दोन दिवस."

"हळू बोल, आतच आहे ती."

घाई मला नव्हती, काकांना होती. ही गाडी तीस वर्षं त्यांनी चालवली. आता अंथरुणाला खिळलेत, डॉक्टरांनी हात टेकलेत. त्यांचं एकच म्हणणं: शेवटी याच गाडीतून न्या. "परक्या गाडीत घातलंत तर उठून बसेन," म्हणाले. बसतीलही, माणूस तसाच आहे.

गॅस कधीच उडून गेलेला. भाऊजींनी कॉम्प्रेसर उतरवला, रेडिएटरपुढची जाळी काढली, डॅशबोर्ड उचकटून आतला डबा ओढला. त्यात उंदरांनी तीन पिढ्यांचा संसार थाटलेला. मग आखूड पट्टा चढवला. एवढ्यावर थांबायचं होतं. पण अर्धवट काम दिसलं की भाऊजींना घास गिळवत नाही. त्यांनी बोल्टांची भोकं बुजवली, तारा मुळापासून काढल्या, बटणाच्या जागी पत्रा बसवून रंग मारला.

पुन्हा तुमच्या दारात आलो. तोच माणूस.

"कागदावर एसी आहे. गाडीत कुठंय?"

"तुम्हीच काढा म्हणालात."

"मग काढल्याची खूण कुठंय? भोक नाही, तार नाही. ही ती गाडीच नव्हे."

मी चेसिसचा नंबर दाखवला. त्याने दोनदा वाचला. "नंबर जुळतो," म्हणाला, "गाडी जुळत नाही."

भाऊजींच्या कामाचं आयुष्यात एवढं कौतुक कुणी केलं नसेल.

दुसऱ्या दिवशी काढलेला सगळा एसी टोपलीत घालून त्याच्या टेबलावर मांडला. त्याने कॉम्प्रेसरची चकती फिरवून पाहिली. हलली नाही.

"हा तर बंद आहे."

"म्हणून तर काढला."

"बंद वस्तू पास करता येत नाही," म्हणाला, आणि 'नापास' लिहून सहीसुद्धा ठोकली. टेबलावरच्या एसीसाठी गाडी नापास.

काका रोज सकाळी विचारतात, "शिक्का झाला का रे?"

"नाही."

"मग थांबतो."

आणि खरंच थांबतात. डॉक्टरांनी दिलेली मुदत उलटून अकरा दिवस झाले. तुमच्या खात्याने आजवर जगवलेला हा बहुधा एकुलता एक माणूस. पण कूस बदलताना ते दात आवळतात, उशीत तोंड खुपसतात, आणि त्यांचं कण्हणं ऐकू येऊ नये म्हणून काकू पलीकडच्या खोलीत नळ सोडून बसते.

उद्या सकाळी ते पुन्हा विचारणार. साहेब, त्यांनी अजून किती दिवस थांबायचं? तोंडी नको, लेखी सांगा. मी त्यांना वाचून दाखवीन.