शिडामागचा कारखाना

“यात बर्फाचा कारखाना कुठाय?” बाईंनी तिसरं चित्रही खाली ठेवलं.

आमच्या ह्यांनी चष्मा वर सरकवला. “तो... इथून दिसत नाही.”

“इथूनच दिसायचा की! माझे मिस्टर तीस वर्षं होते तिथं. धक्क्यावरून वर बघितलं की त्यांची खिडकी.”

कारखाना गेल्याच महिन्यात पाडला. मिस्टर त्याच्याही आधी गेलेले. गावाची चित्रं काढणारा गावात एकच, म्हणून बाई मोठ्या आशेनं आमच्याकडे आल्या होत्या.

आणि ह्यांच्याकडे कारखाना नव्हता. चाळीस वर्षं हा माणूस बंदराच्या एकाच कठड्यावर बसून तोच धक्का, तीच उतरती घरं रंगवतोय. उन्हानं नाकाची सालं निघाली तरी हलायचं नाव नाही. पण त्या काळपट, गंजक्या कारखान्यासमोर दर वेळी एक उंच शीड उभं करायचा. सुट्टीला येणाऱ्या गिऱ्हाइकांना कारखाना नको असायचा. मीही कधी हटकलं नाही. त्या शिडांवरच आमचं घर चाललं, दोन मुली शिकल्या.

“असू दे मग,” म्हणत बाई उठल्या. ह्यांचा चेहरा एवढासा झाला.

“बसा,” हे म्हणाले आणि भिंतीवरचं मोठं चित्र उतरवलं. ह्यांना पहिलं बक्षीस मिळालं होतं ते याच चित्राला. कितीही मागणी आली तरी विकलं नव्हतं. त्यातलं शीड ते सुरीनं खरवडायला लागले. मी रंगाचे पापुद्रे पडायला खाली जुना कागद पसरला.

“मजले किती होते हो?”

चाळीस वर्षं समोर बसलेला माणूस हे विचारत होता. मला लाज वाटली आणि ह्यांची कीवही आली.

“दोन. वर चार खिडक्या. मिस्टरांची डावीकडून दुसरी. आत इतका अंधार, की दिवसाही बल्ब लागायचा.”

चार दिवस बाई येऊन सांगत राहिल्या. पाइपावरचा गंजसुद्धा त्यांनी सोडला नाही. शेवटी ह्यांनी बारीक ब्रश उचलला.

“खिडकीत त्यांना काढू?”

बाईंनी चित्रातल्या सावल्या निरखल्या. “दुपार आहे ना ही? मग नको. दुपारी ते आत कामात असायचे.”

ह्यांनी मान हलवली आणि खिडकीतल्या काळोखात पिवळ्या रंगाचा एक ठिपका ठेवला.