परगावी घालायचा सदरा

मित्रांनो, मी एक जुना सदरा आहे. बेसबॉल खेळणाऱ्यांचा, करड्या लोकरी कापडाचा. संघ आपल्या गावी खेळतो तेव्हा पांढरे सदरे घालतो आणि परगावी जातो तेव्हा करडे. पांढऱ्यांना खुंटी मिळते. आम्हाला बसच्या मागची लाकडी पेटी. त्यामुळे एका जागी फार दिवस राहिलो की मला चुळबुळ सुटते. ही माझी खोड नव्हे, मला शिवलंच त्यासाठी.

फिलाडेल्फियातल्या एका कारखान्यात मी तयार झालो. युद्ध नुकतंच संपलं होतं. माझ्या छातीवर जाड निळ्या कापडाची अक्षरं शिवून एका मोठ्या शहराचं नाव घातलं. मला एक पिचर घालत असे, म्हणजे फलंदाजाकडे चेंडू फेकणारा. तो उंच आणि अबोल होता. हजारो माणसं माझ्याकडे बघून ओरडत. त्या गर्दीतले काही म्हातारे मात्र संघाला भलत्याच नावाने हाक मारत. हा संघ कधीकाळी दुसऱ्या शहरातून उठून आला होता आणि ते तिथले होते. मला त्यांचं हसू येई. नाव छातीवर शिवलं की ते कायमचं, असं मी समजत होतो.

दोन हंगामांनी मला कळलं. मोठे संघ जुने सदरे फेकून देत नाहीत. छोट्या गावांतून त्यांचे खालच्या पायरीवरचे संघ असतात, तिकडे ते पाठवतात. तिथे जुनं नाव उसवतात आणि त्या गावाचं नाव शिवतात. खेळाडूंचंही तसंच असतं, फक्त ते वर चढायची आशा धरून असतात. सदरा वर जात नाही.

मला आधी केंटकीतल्या एका गावात पाठवलं. तिथे घाईघाईने माझी अक्षरं ओढून काढली. कापड एका ठिकाणी फाटलं. नवं नाव घेऊन मी तिथे तीन उन्हाळे खेळलो. मग तो संघ बुडाला आणि पेटी आयोवातल्या मॉर्लन या गावी आली.

मॉर्लनमध्ये संघाची बस चालवायला एमिल ह्रुस्का होता. बस चालवणं, कपडे धुणं, हातमोज्यांच्या वाद्या बांधणं, सगळं तोच करी. शिवणकाम त्याची बायको लिडा करी. दोघंही साठीच्या आसपास. मूल नव्हतं. वरची खोली ते खेळाडूंना भाड्याने देत. तिथे डेल्बर्ट पॅजेट राहायचा. तो अलाबामाचा, आमचा कॅचर, म्हणजे फलंदाजाच्या मागे उकिडवं बसून चेंडू झेलणारा. वय चौतीस. उठताना त्याचे गुडघे वाजत. किती गावं फिरला ते त्याचं त्यालाही सांगता येत नसे. खांदे इतके रुंद की पेटीतला फक्त मीच त्याला बसलो.

लिडाने मला मांडीवर घेतलं आणि आतल्या बाजूने एकेक टाका कापत केंटकीचं नाव काढलं. आधी कोणी मला असं काढलं नव्हतं. ती टाके बघत बोलत होती.

"ही आधीची बाई डावरी होती," ती म्हणाली. "आणि चिडलेली. बघ, धागा किती ओढलाय."

"नवऱ्यावर चिडली असेल," एमिल म्हणाला.

"मग एवढ्यावर थांबली नसती."

डेल्बर्ट खसखशीचा गोड पाव खात होता. तो ठसकला. "ह्रुस्काबाई, माझ्यावर कोण चिडलंय तेही सांगा ना. पाठीवर असेल कुठे."

"तुझ्यावर कोण चिडणार? कोणाकडे राहिलास का कधी वर्षभर?"

डेल्बर्टने आणखी एक पाव उचलला.

मॉर्लनचं नाव इंग्रजीत सहा अक्षरांचं. तीन बटणपट्टीच्या या बाजूला, तीन त्या बाजूला. लिडाने ती अशी शिवली की बटणं लावल्यावर ओळ एकसारखी दिसे. दर हिवाळ्यात ती सगळ्या सदऱ्यांची सुटलेली अक्षरं पुन्हा पक्की करी. चार वर्षं मी ते नाव घेऊन आयोवाभर फिरलो. मोठ्या शहरात माझ्याकडे बघून ओरडणारे हजारो होते, पण माझं कापड कोणी हातात धरून पाहिलं नव्हतं. मॉर्लनमध्ये पाहिलं.

चौथ्या हिवाळ्यात लिडा आजारी पडली. तरी पेटी उघडून बसलीच. सगळ्यात शेवटी मला घेतलं. माझं शेवटचं अक्षर अर्ध्यावर आणलं, सुई तशीच कापडात खोचली, मला खुर्चीच्या पाठीवर टाकलं आणि म्हणाली, "एमिल, जरा पडते." फेब्रुवारीत ती गेली.

एमिलने मला तिथून हलवलं नाही. सुई हलवली नाही. तो खुर्चीसमोर बसून सूप प्यायचा आणि सूप थंड झालं की ओतून द्यायचा. पूर्वी दोन भांडी धुवायचा, आता एक. पण नळ तेवढाच वेळ वाहू द्यायचा. मित्रांनो, मला त्याचं वाईट वाटत होतं, आणि खरं सांगायचं तर तिथे राहवतही नव्हतं. खिडकीतून रस्ता दिसे. बर्फ वितळलं, मोटारी चालू लागल्या. हंगाम जवळ आला होता आणि मी खुर्चीवर होतो.

मार्चमध्ये मॉर्लनचा संघ विकला गेला. लोक आता संध्याकाळी घरी टेलिव्हिजन बघत, मैदान रिकामं राही. घेणारा स्ट्राउड नावाचा माणूस, नेब्रास्कातल्या कीटन गावचा ट्रॅक्टरविक्रेता. तो वाईट नव्हता. आपल्या गावाला संघ मिळाला याचा त्याला लहान मुलासारखा आनंद होता. मॉर्लनची माणसं म्हणाली, आमचा संघ मेला. कीटनची म्हणाली, आमचा संघ जन्मला. बस तीच, खेळाडू बहुतेक तेच. मग मेलं कोण आणि जन्मलं कोण, हे मला आजही नीट सांगता येत नाही.

स्ट्राउडने एमिलला कामावर ठेवलं आणि करडे सदरे मागवून घेतले. कीटनच्या चर्चमधल्या बायका नवं नाव शिवणार होत्या. एमिलने पेटी भरून पाठवली. मला पाठवलं नाही.

"एक कमी आहे," स्ट्राउड फोनवर म्हणाला.

"उंदरांनी खाल्ला," एमिल म्हणाला. घरात उंदीर नव्हते. लिडा असताना तर नव्हतेच.

पहिला सामना मे महिन्यातल्या एका शनिवारी होता, परगावी, संघ कीटनला हलायच्या वाटेवर. गुरुवारी नवीन नावाचे सदरे मॉर्लनमध्ये उभ्या असलेल्या बसमध्ये आले. डेल्बर्टसाठी एक होता, पण दुसऱ्या कोणाच्या मापाचा. त्याने हात वर केला आणि खांद्याची शिवण बगलेपर्यंत गेली. स्ट्राउडने आधीच सांगून ठेवलं होतं की ज्याच्या छातीवर कीटन नाही तो मैदानात नाही. त्याच्या गावचा एक तरणा कॅचर हातमोजा घालून तयारच होता. अडतिसाव्या वर्षी ज्याची जागा एकदा जाते, त्याला ती परत मिळत नाही. हे बसमधल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

संध्याकाळी डेल्बर्ट स्वयंपाकघरात आला. मी खुर्चीवर होतो. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि लगेच नजर वळवली.

"उंदीर व्यवस्थित जेवलेले दिसत नाहीत," तो म्हणाला.

एमिलने सूपची वाटी बाजूला सारली.

"राहू दे, म्हातारबा. मी सदरा मागायला आलो नाहीये. पावाचा डबा कुठे ते विचारायला आलोय."

"डबा रिकामा आहे. फेब्रुवारीपासून."

"हो. तेही माहीत आहे मला."

दोघं बसले. एमिल म्हणाला, "हे तिने शिवलंय, डेल्बर्ट. सुईसुद्धा तिनेच खोचली. हे काढलं की तिचं शेवटचं काम गेलं."

"मग नका काढू. मी पिचरांना सराव देईन. नाहीतर घरी जाईन. भाऊ म्हणतो रंगकाम शीक."

"तुला जमणार नाही."

"शिडीवर चढताना गुडघे वाजतील, लोकांना वाटेल छप्पर पडतंय." तो उठला आणि दाराशी थांबला. "पण एक सांगू का? हे आज नाही तर दहा वर्षांनी कोणीतरी काढेलच. तुम्ही कायमचे नाही, मी नाही. ती पुढची बाई टाके बघून ह्रुस्काबाईंबद्दल काय बोलेल, एवढंच मनात आलं. ती अनोळखी असेल."

त्याने हे एमिलला पटवायला म्हटलं नव्हतं. मी त्याला ओळखतो. मनात आलं ते बोलला आणि जिना चढून गेला.

शुक्रवारी सकाळी, उजेड पुरेसा झाल्यावर, एमिलने खुर्ची खिडकीशी ओढली. मला मांडीवर घेतलं. लिडा टाके कापायला वापरायची ते दाढीचं जुनं पातं शिवणाच्या डब्यात होतं. ते घेऊन त्याने मला उलटं केलं आणि पहिल्या अक्षराचा पहिला टाका कापला. मग थांबला. बराच वेळ थांबला. मग दुसरा कापला.

टाके बघत बघत तो पुढे गेला. पहिल्या अक्षरांचे मूळचे टाके बारीक होते, एका मापाचे. मधेमधे दुरुस्तीचे टाके होते, वर्षावर्षाचे. मागच्या हिवाळ्याच्या आधीच्या हिवाळ्यातले टाके तो डोळ्यांजवळ नेऊन पाहू लागला. ते लांब झाले होते. काही ठिकाणी सुई दोनदा घुसली होती. गाठ एकदा चुकून शेजारी दुसरी मारलेली होती.

"म्हणजे तेव्हापासून," तो मोठ्याने म्हणाला. घरात कोणी नव्हतं, डेल्बर्टही सरावाला गेला होता. "तेव्हापासून तुझा हात थरथरत होता. आणि मला म्हणालीस, दिव्याचा उजेड कमी आहे. मी दिवा बदलला, लिडा. दोनदा बदलला."

तो रडला तेव्हा मी ओला होऊ नये म्हणून त्याने मला गुडघ्यावर सरकवलं. ही सवय कपडे धुणाऱ्याची. मग डोळे पुसून पुढचा टाका कापला. दुपारपर्यंत सगळी अक्षरं निघाली. माझं कापड कुठेही फाटलं नाही. सुई त्याने काढली, तिचा गंज राखेने घासला आणि तीच ओवायला घेतली.

चर्चमधल्या बायकांनी जास्तीची अक्षरं पाठवली होती. एमिलने आयुष्यात हातमोजे आणि टायरची खोळ शिवली होती, अक्षर कधी शिवलं नव्हतं. त्याने मला टेबलावर सपाट अंथरलं आणि मन लावून कीटनचं नाव शिवलं. ओळ सरळ आली. त्याला बरं वाटलं. त्याने मला घडी घालून ठेवलं.

शनिवारी बस मैदानाशी थांबली. डेल्बर्टने माझी घडी मोडली आणि बटणं न काढताच डोकं घालू लागला. डोकं जाईना. हात जाईना. एमिलने पुढची बाजू मागच्या बाजूला शिवून टाकली होती. सहाही अक्षरं आरपार.

बस हसू लागली. पिचर म्हणाला, "हा सदरा नाहीये, पाकीट आहे. डेल्बर्टला टपालाने घरी पाठवताहेत."

"तिकीट लावा आणि माझ्या तोंडाला चिकटवा," डेल्बर्ट आतून म्हणाला. तो अर्धा अडकला होता.

एमिल लाल झाला. पण पातं खिशात होतं. मैदानावर सराव चालू असताना तो बसच्या पायरीवर बसला, पुन्हा सगळं उसवलं आणि पुन्हा शिवलं. या वेळी सुई पाठीपर्यंत जाऊ नये म्हणून आत पुठ्ठा घातला. पण घाईत बटणपट्टीच्या डाव्या बाजूची तीन अक्षरं बोटभर वर गेली आणि उजव्या बाजूची खाली राहिली. तिकडे तरणा कॅचर पॅड बांधत होता. डेल्बर्टने मला घातलं, बटणं लावली, खाली पाहिलं.

"वर चढतंय की खाली उतरतंय?" त्याने विचारलं.

"वाचता येतंय ना?"

"मान वाकडी केली की येतं."

स्ट्राउडने माझ्याकडे पाहिलं, मग एमिलकडे. गावाचं नाव वाकडं दिसलेलं त्याला आवडलं नसणार. पण नाव होतं. त्याने संघाच्या यादीत पेन्सिलीने डेल्बर्टची जागा कायम केली. समोरच्या गावचे लोक नऊ डाव आम्हाला चिडवत होते. "कीटन, जरा सरळ उभे राहा," असं ते ओरडत. आम्ही हरलो. डेल्बर्टने मात्र दोन धावा रोखल्या, अंगावर घेऊन, धुळीत लोळून. सामना संपला तेव्हा माझ्यावरची नवी अक्षरं मातीने जुनी झाली होती. किती महिन्यांनी मी घाम प्यायलो होतो. एमिलने मला धुतलं आणि इतर सदऱ्यांबरोबर पेटीत टाकलं. खुर्चीवर नाही.

डेल्बर्ट आणखी दोन उन्हाळे खेळला. मग कीटनचा संघही बंद झाला. पेटी न्यायला कोणी आलं नाही. तेव्हा एमिलने मला डेल्बर्टला दिलं. अलाबामात मी संघाचा नव्हतो, पण कामाचा होतो. डेल्बर्ट खरंच रंगकाम शिकला. माझ्यावर पांढरे, हिरवे ठिपके पडले. तो मासे धरायला मला घालून जाई. एमिल केव्हा गेला ते आम्हाला मॉर्लनहून आलेल्या नाताळच्या कार्डावरून कळलं.

आता डेल्बर्टही नाही. मी त्याची मुलगी व्हर्डी हिच्याकडे आहे. मागच्या आठवड्यात जुने सदरे जमवणारे एक गृहस्थ आले होते. त्यांनी मला उजेडात धरलं आणि अक्षरांखालची सगळ्यात जुन्या टाक्यांची भोकं ओळखली, त्या पहिल्या मोठ्या शहराच्या नावाची. ते म्हणाले, "रंग काढून टाका, ही वाकडी अक्षरं काढा. मूळचं नाव पुन्हा बसवून देतो. मग हा खरा दिसेल."

"आणि मग घालायचा कोणी?" व्हर्डीने विचारलं.

"घालायचा नाही हो. काचेत ठेवायचा."

तिने अजून हो म्हटलेलं नाही. नाहीही म्हटलेलं नाही. मी टेबलावर पडून आहे आणि मला स्वस्थता नाही.

मित्रांनो, मी बोललो तर तिला ऐकू जाणार नाही. तुम्ही ऐकता आहात म्हणून तुम्हाला सांगतो. जुन्या वस्तूवरचं कोणाचं काम काढायची वेळ तुमच्यावरही येईल. उसवायला माझी हरकत नाही. मला चारदा उसवलं, आणि प्रत्येक वेळी कोणाला तरी अंगात घालायचा सदरा हवा होता. तसं असेल तर बिनदिक्कत उसवा. फक्त हळू उसवा, आणि आधीचे टाके नीट बघा. त्यात एखाद्याचा थरथरणारा हात असतो. पण नुसतं नवंकोरं दिसावं म्हणून उसवू नका. मी पहिल्या शहराचा जेवढा खरा होतो, तेवढाच या बोटभर चुकलेल्या ओळीचाही खरा आहे. आणि माझे खांदे अजून मजबूत आहेत. कोणी रुंद खांद्याचं माणूस भेटलं, तर त्याला व्हर्डीकडे पाठवा.