मार्जाराच्या पाठीवरची रेघ

मित्रांनो, मी शिंप्याच्या दुकानातली एक म्हातारी मांजरी आहे. कापडाच्या ताग्यांमागे माझा जन्म झाला. ऐन उमेदीत माझ्या नुसत्या वासानेच उंदरांची बोबडी वळे. मास्तर गिऱ्हाइकांना अभिमानाने सांगत, "हिच्या राज्यात एक कापड कुरतडलेलं दाखवा!"

मास्तरांच्या थोरल्या बहिणीचा, आक्कांचा, माझ्यावर फार जीव. काजं करता करता त्या गणवेशाचं माप द्यायला आलेल्या मुलांना माझ्या नावाचं मूळ सांगत. "मांजर हा शब्द संस्कृतातल्या मार्जारवरून आला. मार्जन म्हणजे पुसणं, स्वच्छ करणं. सारखं अंग पुसत बसतं, ते मांजर. बघा, तुमच्यापेक्षा टापटीप आहे!" मुलं हसत आणि मी आणखीच ऐटीत पंजा चाटत असे.

मग आक्का गेल्या. मी त्यांच्या रिकाम्या स्टुलाखाली बसून राहिले. रडू आलं नाही, भूकही लागली नाही. पुढे मान आखडली, जीभ पाठीपर्यंत पोचेना. त्याचंही मला काही वाटलं नाही. केसांच्या गाठी झाल्या. एका गिऱ्हाइकाने माझ्या केसांनी भरलेला कोट परत आणला, तेव्हा मास्तरांचं डोकंच फिरलं. कापडावर खुणा करायच्या खडूने त्यांनी माझ्या पाठीवर रेघ ओढली.

"नावाला जागायचं असेल तर संध्याकाळपर्यंत ही पुसून टाक. नाहीतर उद्यापासून दुकानाची पायरी चढायची नाही!"

"अहो, काहीतरीच काय!" त्यांची बायको म्हणाली. "थकलीय ती."

"थकली नाही, आळसावलीय."

दिवसभर मी जागची हलले नाही. घर सुटणार होतं, तरी मनात काहीच आलं नाही.

संध्याकाळी रेघ तशीच होती. मास्तरांनी मला टेबलावर ठेवलं आणि "अगं, अशी वळ की," म्हणत माझी मान मागे वळवली. ती अर्ध्यावरच अडली. मी ओरडलेही नाही, नुसते डोळे मिटले. त्यांचा हात थबकला. मग माझ्या हाडांवरून त्यांची बोटं हळूहळू फिरली.

"कधीपासून झालंय गं हे?" ते पुटपुटले. "आक्का असती तर तिने लगेच ओळखलं असतं."

मित्रांनो, म्हातारं जनावर मळकं दिसलं, तर हाकलण्याआधी एकदा त्याच्या पाठीवरून हात फिरवा. आम्हाला सांगता येत नाही.

मास्तरांनी फडकं भिजवलं आणि माझी पाठ पुसायला घेतली. पाणी गार होतं. आक्का गेल्यापासून पहिल्यांदाच मला थंडी वाजली.