न ताणलेला दोर

मी एक जुना ग्लायडर आहे, मित्रांनो, म्हणजे बिनइंजिनाचे विमान. मला कुणीतरी ओढून वर सोडावे लागते. पुढचे मी आणि वारा बघून घेतो.

माझी हाडे लाकडाची आहेत आणि अंगावर कापड आहे. मैदानाच्या कडेला पत्र्याची मोठी शेड आहे, तिथे क्लबच्या लोकांनी सुट्टीच्या दिवशी येऊन येऊन मला बांधले. त्यांत एक तरुण जोडपे होते. त्याने माझ्या पंखांच्या फासळ्या तासल्या, तिने त्यांवर कापड शिवले. बोटात सुई घुसली की ती त्यालाच बोलायची, जणू ती त्यानेच टोचली. त्या तरुणाला पुढे सगळे मास्तर म्हणू लागले आणि तिला काकू.

माझ्यात दोन खुर्च्या आहेत, एकीमागे एक. पुढे शिकणारा बसतो, मागे शिकवणारा. दोघांपुढे मला वळवायची काठी असते. एक हलली की दुसरीही हलते. मागच्या खुर्चीत मास्तर बसायचे. मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला विंच आहे, म्हणजे इंजिनावर फिरणारे भलेमोठे रीळ. ते पोलादी दोर भराभर गुंडाळते आणि दोराच्या टोकाला बांधलेला मी पतंगासारखा वर चढतो. विंच काकू चालवायच्या. "लग्न झाल्यापासून यांना मीच चढवून ठेवलंय," असे त्या म्हणायच्या आणि लोक हसायचे. मास्तरही हसायचे.

माझ्यावर कितीतरी जण उडायला शिकले. काहींनी उतरल्यावर माझे नाक थोपटले, एकाने तर पापा घेतला. मग क्लबात पांढरी, चकचकीत ग्लायडर आली आणि मी 'म्हातारा' झालो. पावसाळाभर कोपऱ्यात धूळ खात पडायचे, हे माझ्या अंगवळणी पडले. पण नवा माणूस शिकायला आला की मास्तर म्हणायचे, "म्हातारा काढा. तो चूक पोटात घालतो." तेवढ्या शब्दांवर माझा पुढचा पावसाळा निघायचा.

गेल्या उन्हाळ्यात शिकायला आली ती चावीवाली. बापाच्या पश्चात त्याचे कुलपांचे दुकान ती चालवत होती. बोटे कानशीने खरबरीत झालेली, पण काठी धरायची ती अगदी हलक्या हाताने. कुलपात अडकलेली किल्ली सोडवताना जसा धरतात, तसा तिचा हात होता. मास्तर तिच्यावर खूश होते. आणखी थोड्या उड्डाणांनी तिला एकटीला वर सोडायचे, असे त्यांनी बोलूनही दाखवले होते.

मला मात्र त्या उन्हाळ्यात मास्तरांचीच काळजी वाटत होती. डावीकडे वळताना त्यांचा हात पूर्वीसारखाच होता. उजवीकडे वळण्याआधी ते मान खांद्यासकट वळवायचे, आणि बोलण्याच्या नादात कधीकधी वळवायचेच नाहीत. समोरच्या पाटीवरची बारीक अक्षरे ते धडाधड वाचायचे, त्यामुळे क्लबच्या तपासणीत कधी काही निघाले नाही. मला कळत होते. पण मी लाकूड आणि कापड. मी कुणाला सांगणार?

एका दुपारी आम्ही गरम हवेच्या झोतात घिरट्या घेत वर चढत होतो. काठी मास्तरांच्या हातात होती, चावीवाली नुसते बघत होती. इतक्यात उजवीकडून, आमच्याच उंचीवर, क्लबात शिकवणाऱ्या वकीलसाहेबांचे पांढरे ग्लायडर आले.

"मास्तर, उजवीकडे विमान आहे," ती म्हणाली.

"कुठे?" मास्तरांनी विचारले, आणि ते उजवीकडेच वळत राहिले.

"उजवीकडे. जवळ आलंय."

मास्तरांचा हात ढळला नाही. मग तिने काठी दोन्ही हातांनी धरली आणि डावीकडे दाबली. माझ्या साऱ्या फासळ्या करकरल्या. पांढरा पंख माझ्या पंखाखालून इतक्या जवळून गेला, की वकीलसाहेबांचा वासलेला जबडा मला दिसला.

उतरल्यावर वकीलसाहेब तरातरा आले. त्यांचे ओठ पांढरे पडले होते. "कोण चालवत होतं?" त्यांनी विचारले.

मास्तर माझ्या कडेला टेकून उभे होते. त्यांचा तळवा घामाने ओला झालेला मला लागत होता. "बाई नव्या आहेत," ते म्हणाले. "बघण्यात कमी पडल्या. चूक झाली."

चावीवालीने त्यांच्याकडे पाहिले. वकीलसाहेबांनी तिला चार माणसांत चांगलेच सुनावले. तिचे एकटीचे उड्डाण पुढे ढकलले गेले. मित्रांनो, माझ्या आयुष्यात मी वादळे पाहिली, एकदा माझे चाक मोडले, एकदा पंखाला भोक पडले. पण त्या दिवसाइतका जड मी कधीच झालो नव्हतो.

संध्याकाळी ती शेडमध्ये माझे अंग पुसत होती. एकाच जागी फडके फिरवत होती. काकू आल्या आणि तेलाच्या पिंपावर बसल्या.

"तू बघण्यात कमी पडलीस?" त्यांनी विचारले.

"मास्तर म्हणतात तसं."

"ते काय म्हणतात ते मी ऐकलं. मी तुला विचारतेय."

फडके थांबले. "मी दोनदा सांगितलं, काकू. काठी त्यांच्याकडे होती. पण त्यांच्याविरुद्ध माझं कोण खरं मानणार? आणि मलाही नको आहे. त्यांनी मला इतकं शिकवलं."

काकू म्हणाल्या, "घरी दाराच्या चौकटीला त्यांचा उजवा खांदा लागतो. ताटात उजवीकडे वाढलेलं तसंच राहतं. विचारलं तर कधी घाईत असतात, कधी भूक नसते. डोळे दाखवा म्हटलं की म्हणतात, टेकडीवरची झाडं मोजून दाखवू का?" त्या उठल्या. "उद्या ते तुला घेऊन बसतील. तू बस. वकीलसाहेबांना काय करायचं ते मी सांगते. आणि उजवीकडे काही दिसलं तरी बोलायचं नाहीस."

"सगळ्यांसमोर त्यांना मान खाली घालावी लागेल."

"घालू देत. वरून खाली पडण्यापेक्षा बरं."

हे बोलताना त्यांचा हात माझ्या पंखावरच्या जुन्या शिवणीवरून फिरत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी वारा नव्हता, आकाश धुतल्यासारखे होते. मास्तरांनी मला बाहेर काढायला लावले. "चला बाई," ते म्हणाले, "आज नजर कशी फिरवायची ते शिकवतो." त्यांच्या आवाजात नेहमीचा ठसका होता, पण ते तिच्या डोळ्याला डोळा भिडवत नव्हते.

पट्टे आवळले, दोर अडकवला. एका सभासदाने माझा डावा पंख उचलून धरला. उजव्या अंगाला, बरेच बाजूला, वकीलसाहेब येऊन उभे राहिले. त्यांच्या हातात लाल झेंडा होता आणि तो उंच धरलेला होता. आमच्याकडे लाल झेंड्याचा अर्थ एकच, थांबा. चावीवालीला तो दिसला, पण ती समोर बघत राहिली.

मास्तरांनी डावीकडे पाहिले, समोर पाहिले, उजवीकडे मान जराशी फिरवल्यासारखी केली. मग रेडिओचे बटण दाबले. "सगळं मोकळं आहे. विंच, दोर ताणा."

दोर गवतात पडून राहिला.

"विंच, ऐकू येतंय ना?"

"येतंय," काकूंचा आवाज आला.

"मग ताण की."

"नाही ताणणार."

"इंजिनाला काही झालं का?"

"इंजिन ठणठणीत आहे. तुमच्या उजवीकडे लाल झेंडा आहे. तुम्ही पट्टे बांधत होतात तेव्हापासून आहे. आणि तुम्ही म्हणालात, सगळं मोकळं आहे."

मास्तरांनी मान वळवली, खांद्यासकट, पार शेवटपर्यंत. मग त्यांना झेंडा दिसला. वकीलसाहेबांनी तो हळूच खाली केला आणि ते दुसरीकडे बघू लागले.

मैदानावरच्या प्रत्येक रेडिओवर हे सारे ऐकू गेले होते. काठीवरची मास्तरांची पकड आधी घट्ट झाली, मग सैल पडली. पुन्हा बटण दाबून, साऱ्यांना ऐकू जाईल असे, ते म्हणाले, "काल बाईंनी मला वेळेवर सांगितलं होतं. दोनदा. मला दिसलं नाही, आणि मी त्यांच्यावर ढकललं."

पुढच्या खुर्चीत चावीवाली रडत होती. मास्तरांनी पट्टे सोडले, उतरले आणि शेडकडे न जाता सरळ फाटकातून बाहेर पडले. विंचच्या बाजूला त्यांनी पाहिलेही नाही.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. उजवा डोळा जवळजवळ गेला होता आणि डावा त्याच वाटेवर होता. वेळीच दाखवले असते तर बरीचशी नजर वाचली असती, असे ते म्हणाले. हे काकू चावीवालीला सांगत होत्या, तेव्हा मला कळले. काकू रोज येत, विंच चालवत आणि डबा एकट्याच खात. घरी मास्तर त्यांच्याशी बोलत नव्हते. मागच्या खुर्चीत वकीलसाहेब बसू लागले. माणूस चांगला, पण पेडलवर त्यांचा पाय जड पडतो. मला मास्तरांची फार आठवण यायची.

उन्हाळा सरता सरता चावीवाली एकटी उडाली. मागची खुर्ची रिकामी, त्यामुळे मीही हलका. वर पोहोचल्यावर रेडिओत खरखर झाली. काकूंच्या हाताखाली बटण दाबलेलेच राहिले असावे. कारण आम्हाला खालचे बोलणे ऐकू येऊ लागले आणि त्यातला दुसरा आवाज मास्तरांचा होता. ते विंचपाशी येऊन बसले होते.

"कुठे आहे?"

"ढगाखाली. आता डावीकडे वळतेय."

"पंख फार कलत नाहीत ना?"

"नाही. छान वळतेय."

मग मास्तर म्हणाले, "हे घरी सांगायचं होतंस मला."

"घरी किती वेळा सांगितलं," काकू म्हणाल्या.

थोड्या वेळाने मास्तरांनी पुन्हा विचारले, "आता कुठे आहे?" आणि काकू सांगू लागल्या. चावीवालीने रेडिओचा आवाज हळूच बंद केला. ते आपण ऐकायचे नाही, असे तिला वाटले असावे.

मित्रांनो, दर वर्षी लोक माझ्या अंगावरच्या कापडावर बोट दाबून बघतात, माझा एकेक खिळा हलवून बघतात. 'मला काही झालेले नाही' असे म्हणायला मला तोंड नाही, म्हणून मी अजून उडतो आहे. तुमच्या घरात तोंड असलेले एखादे माणूस असेल. त्याच्या खांद्याला चौकट लागत असेल, त्याच्या ताटात काही उरत असेल. त्याच्याकडे नीट बघा. ते चिडले तरी त्याला हात धरून डॉक्टरकडे न्या. मास्तरांचा अबोला एका उन्हाळ्यात सुटला. नजर मात्र गेली ती गेलीच.