अडलेलं अक्षर

टेबल दारात अडकलं होतं. दोन हमाल बाहेरून ओढत होते आणि मौनीकाका आतून ढकलत होते.

“काका, तुम्ही सोडा हो,” मालकीणबाई म्हणाल्या. “ते नेतील बरोबर.”

काकांनी सोडलं नाही. त्यांनी टेबलाचे मागचे पाय किंचित उचलले, ते कुशीवर वळवल्यासारखं कलतं केलं आणि ते सुळकन बाहेर गेलं. गाडीतले रेडिओ बसवण्याच्या त्या दुकानात ते टेबल मालकीणबाईंच्या सासऱ्यांच्या काळापासून होतं, आणि काकाही तेव्हापासूनच. तारा सोलताना, जोडताना, ट्यूबच्या उजेडात मान घालून बसताना त्यांचं उभं आयुष्य त्याच टेबलापाशी गेलं होतं. आता तिथे गिऱ्हाइकांसाठी दोन गुबगुबीत खुर्च्या आणि एक काउंटर येणार होता.

“नव्या गाड्यांना रेडिओचा स्क्रीन कंपनीच बसवून देते,” मालकीणबाई समजावणीच्या सुरात म्हणाल्या. “राहता राहिले जुन्या गाड्यांवाले. जुनं प्रसारण वर्षअखेर बंद होणार म्हटल्यावर जो तो एकच विचारत येतोय, आता काय घ्यायचं? सॅटेलाइट की डिजिटल? बसवायला दहा मिनिटं आणि समजावायला तासभर. मी आता आपल्या पुलापलीकडच्या दुसऱ्या दुकानात बसणार. इथे तुम्ही.”

काकांनी स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं.

“हो, तुम्हीच. मला तुमच्याइतका भरवशाचा माणूस कुठून मिळणार? आणि हे चाललं नाही तर दुकान बंद करावं लागेल, काका. तोंडावर सांगते, राग मानू नका.”

काकांनी राग मानला नाही. त्यांना धास्ती होती ती बोलण्याची.

अख्खा बाजार त्यांना मौनीकाका म्हणायचा, पण ते मौनी नव्हते. ते अडखळायचे. लहानपणापासून शब्द त्यांच्या ओठांपर्यंत यायचा आणि तिथेच ठाण मांडून बसायचा. बाकीची अक्षरं कधी अडत, कधी सुटत. शब्दाच्या सुरुवातीचा ‘ड’ मात्र कायमचा वैरी. त्याला चुकवण्यात काकांनी अशी काही हुशारी कमावली होती की अनोळखी माणसाला संशयही येऊ नये. डोकं दुखलं की ते म्हणत, कपाळ ठणकतंय. डॉक्टरांना ते दवाखान्यातले साहेब म्हणत. रिक्षात बसले आणि डावीकडे जायचं असलं तर ते तीनदा उजवीकडे वळायला सांगत. एकदा एका रिक्षावाल्याने विचारलं होतं, “काका, शहर दाखवायला निघालात का मला?”

घरी तर प्रश्नच नव्हता. बायको शिवणकाम करायची आणि तिचं तोंड मशीनपेक्षा वेगात चालायचं. वाण्याकडे, बँकेत, लेकीच्या सासरी सगळीकडे तीच बोलायची. काकांनी शब्दाला नुसता हात घातला की ती तो पुरा करून मोकळी व्हायची. संसार असा छान चालला होता.

काउंटरवर बसले त्याच दिवशी पहिलं गिऱ्हाईक आलं ती एक नर्स. ती घरोघरी जाऊन अंथरुणाला खिळलेल्या पेशंटांचं बघायची, जखमा धुवायची, इंजेक्शनं द्यायची. गाडी छोटीशी, जुनी, मागच्या सीटवर पट्ट्यांचे खोके.

“एका घरातून दुसऱ्या घरी जाताना तेवढाच माझा वेळ असतो,” ती म्हणाली. “तेव्हा कोणाचं तरी हसणंबोलणं कानावर पडलं म्हणजे पुढच्या दारात मी जरा माणसात येऊन उभी राहते. माझा रेडिओ बंद पडणार म्हणे. मग काय घेऊ?”

“कुठे... कुठे फिरता?”

“जुन्या पेठेत. सगळ्या गल्ल्याच गल्ल्या.”

काकांना उत्तर लख्ख माहीत होतं. सॅटेलाइटला मोकळं आभाळ लागतं. हमरस्त्यावर शेकडो मैल एकच स्टेशन अखंड वाजत राहील, पण उंच इमारतींच्या फटीत गाडी शिरली की ते मुकं होतं, शिवाय दर महिन्याची वर्गणी. डिजिटल शहरातल्याच मनोऱ्यावरून येतं. गल्लीबोळात ते बरं चालतं आणि फुकटही असतं. या बाईंना डिजिटलच हवं होतं.

काकांनी तोंड उघडलं. जीभ टाळूला चिकटली. मानेच्या शिरा ताठ झाल्या. नर्स त्यांच्याकडे बघत होती आणि ते तिच्या नजरेकडे.

“अं... अंकीय रेडिओ घ्या,” त्यांनी वाट काढली.

“अंकीय? ही कुठली कंपनी? नवीन आहे का?”

पुन्हा एकदा त्यांनी त्या शब्दावर चाल केली. पुन्हा भिंत. आणि मग, जसं पाणी उताराकडे धावतं, तसा सोपा शब्द त्यांच्या तोंडून घरंगळला.

“सॅटेलाइट घ्या.”

“चांगलं असतं?”

त्यांनी मान डोलावली. टपावर अँटेना बसवताना त्यांचे हात नेहमीसारखेच चोख चालले, पण नर्स आभार मानून गेली तेव्हा ते तिच्याकडे बघू शकले नाहीत.

मालकीणबाई खूष झाल्या. “बघा! पहिल्याच दिवशी सॅटेलाइट खपवलंत. सध्या त्यावरच भर द्या, काका.”

पुढच्या आठवड्यात नर्स परत आली. ती भांडली नाही. ती भांडली असती तर बरं झालं असतं असं काकांना नंतर वाटलं.

“गल्लीत शिरलं की बंद,” ती म्हणाली. “बाहेर पडलं की चालू. आणि मी तर दिवसभर गल्लीतच. काल एक आजोबा गेले माझे. फार दिवसांचे पेशंट होते. त्यांच्या घरातून निघाले आणि गाडीत बसून वाट बघत राहिले, काहीतरी वाजेल म्हणून. तुम्हीच म्हणालात ना, चांगलं असतं?”

काकांनी हात जोडले. शनिवारी गाडी घेऊन या, बदलून देतो, एवढं त्यांनी निम्मं बोलून आणि निम्मं खुणेने सांगितलं. मालकीणबाई फोनवर म्हणाल्या, “जाऊ द्या हो, होतं असं चुकून.”

चुकून झालं नव्हतं. एका अक्षराला भिऊन त्यांनी एका दमलेल्या बाईला नको ती वस्तू दिली होती. आजवर त्या भीतीची झळ त्यांच्या एकट्यालाच लागत होती. मग तीनदा उजवीकडे वळावं लागलं, तरी भाडं आपलं, वेळ आपला. आता ती दुसऱ्याच्या अंगावर गेली होती.

संध्याकाळी घरी येऊन ते बायकोच्या मशीनसमोर खुर्ची ओढून बसले.

“अगं, मला तो शब्द... शिकव.”

“कुठला?”

त्यांनी कागदी पिशवीवर लिहिलेलं ‘डिजिटल’ दाखवलं. आठवडाभरात घडलेलं सगळं सांगितलं. सांगायला वेळ लागला. बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं, पण रडत बसणाऱ्यांतली ती नव्हती. तिने स्वयंपाकघरातून एक थाळी आणली आणि स्टिअरिंगसारखी दोन्ही हातांत धरली.

“चला. मी गिऱ्हाईक. पों पों! बोला मालक, माझ्या गाडीला काय बसवू?”

काकांना हसू आलं. “तुम्ही... ड... ड...”

“डिजिटल!” बायको म्हणाली आणि जीभ चावली. “बरं, परत. पों पों.”

“तुम्ही ड...”

“डिजिटल! अगं बाई, निसटलं हो.”

तिसऱ्या वेळीही तेच झालं तेव्हा काकांनी मशीनच्या फळीवर थाड्‌कन हात आपटला. कात्री उडून खाली पडली.

“मला म्... म्हणू दे!”

घरात असा आवाज कधी झाला नव्हता. बायकोने थाळी खाली ठेवली. कात्री उचलली, पुसली, जागेवर ठेवली.

“एवढी वर्षं बोलले, ते काय मला हौस होती म्हणून?” ती हळू म्हणाली. “तुम्ही सुरू केलंत की माझाच जीव वर-खाली होतो. समोरचा हसेल, तोंड फिरवेल, असं वाटतं. म्हणून त्याआधी मीच म्हणून टाकते. मला वाटायचं, तुम्हाला बरं वाटत असेल.”

“वाटायचं,” काका म्हणाले. त्यात खोटं काही नव्हतं. “पण आता... थांब. नुसतं थांब.”

“नुसतं? काहीच करायचं नाही?”

“नाही.”

“हे फार अवघड काम दिलंत हो मला.”

तिने रिळाचा दोरा ओढला, त्याचं टोक दातांत घट्ट धरलं आणि थाळी पुन्हा हातात घेतली. काका बोलू लागले. ‘ड’ अडला. बायकोचे ओठ हलले, दोरा ताणला गेला, थाळीवरची बोटं पांढरी पडली, पण ती बोलली नाही. बऱ्याच वेळाने शब्द बाहेर आला, वेडावाकडा, धापा टाकत. तिने दोरा सोडला आणि म्हणाली, “पों पों. परत.”

रोज संध्याकाळी असंच चाललं. कधी शब्द यायचा, कधी रुसून बसायचा. काकांना एवढंच उमगलं की तो पळवाटेने येत नाही. भिंतीसमोर उभं राहिलं, अडखळणं अडखळणं म्हणून होऊ दिलं आणि मागे फिरलं नाही, की कधीतरी तो येतो. आणि एकदा ठरल्यावर ते मागे फिरणार नव्हते.

शुक्रवारी दुकानात एक टॅक्सीवाला आला. धिप्पाड, घाईतला, हातातली किल्ली बोटाभोवती फिरवणारा.

“ते जाहिरातीतलं सॅटेलाइट लावून टाका. विमानतळाची टॅक्सी आहे. काम फर्स्ट क्लास पाहिजे.”

“उभे कुठे... राहता?”

“विमानतळाच्या तळघरात. नंबर लागेपर्यंत तिथेच बसायचं. तेव्हाच तर ऐकतो.”

सॅटेलाइटचा खोका काउंटरवर समोरच होता. ‘बरं’ म्हटलं असतं तर पुरलं असतं. विकायला एक शब्द लागतो, खरं सांगायला चार वाक्यं. काकांनी खोका बाजूला सारला.

“तळघरात आभाळ... नाही. सॅटेलाइट बंद पडेल. तुम्ही ड... ड...”

“डबल?” टॅक्सीवाला मदतीला धावला. “डबल अँटेना?”

काकांनी नकारार्थी मान हलवली. “ड...”

“डबा? डिझेल? नाही हो, माझी गॅसवर आहे.”

तो थट्टा करत नव्हता. कोड्यात पडलेल्या माणसासारखा तो खरोखरच शब्द शोधत होता, आणि तेच जास्त लागत होतं. नेमक्या त्याच वेळी मालकीणबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. त्या पुढे होऊन काहीतरी बोलणार, हे काकांना दिसलं. त्यांनी हात वर केला. रस्ता ओलांडताना गाड्यांना थांबवतात तसा. तो हात टॅक्सीवाल्यासाठीही होता आणि मालकीणबाईंसाठीही.

मालकीणबाई दारातच थांबल्या. किल्ली बोटावर फिरायची थांबली.

“ड... ड... डिजिटल घ्या,” काका म्हणाले. आणि थांबले नाहीत. तळघरात तेही कधीकधी जाईल. दारापाशी गाडी लावली तर लागेल. जुन्या रेडिओसारखी आधी खरखर होऊन कळणार नाही, एकदम शांत होईल, तेव्हा बिघडलं समजून परत येऊ नका. गाडी थोडी पुढे घ्या. एवढं सगळं त्यांनी सांगितलं. त्यात आणखी एक ‘ड’ आला, तोही त्यांनी ओलांडला. कपाळावरून घाम ओघळत होता.

टॅक्सीवाल्याने खुर्ची ओढली आणि बसला. “काका, हे आधी कोणी सांगितलंच नाही,” तो म्हणाला. “बसवा तेच.”

तो गेल्यावर मालकीणबाईंनी सॅटेलाइटचा खोका उचलून फळीवर ठेवला.

“सॅटेलाइट गेलं असतं,” त्या म्हणाल्या.

“परत... आलं असतं.”

मालकीणबाईंची नजर काउंटरमागच्या खुर्चीवर गेली. मग म्हणाल्या, “तुम्हाला बसायला उंच स्टूल हवं का? त्या खुर्चीत तुमची पाठ वाकते.” आणि निघून गेल्या.

शनिवारी नर्स आली. काकांनी टपावरची अँटेना काढली, तिथली खूण पुसली, काचेच्या आतल्या बाजूला नव्या अँटेनाची पातळ पट्टी चिकटवली आणि स्वतः शेजारी बसून तिच्याबरोबर जुन्या पेठेतून एक फेरी मारली. अरुंद बोळांत, वाळत टाकलेल्या कपड्यांखालून, उंच भिंतींमधून गाडी जात राहिली. आत रेडिओवर कोणीतरी कोणाला तरी विनोद सांगत होतं आणि ते दोघं हसत होते. एकाच वळणावर आवाज क्षणभर गेला आणि परत आला.

दुकानापाशी काका उतरले. तिने गाडी चालूच ठेवली होती, तिला पुढच्या पेशंटकडे जायचं होतं. मग खिडकीतून तिने विचारलं, “एक विचारू का? हे एवढं चांगलं चालतंय आणि तुम्हाला माहीत होतं, असं दिसतंय. मग त्या दिवशी का नाही सांगितलंत?”

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. ‘चुकून’ म्हटलं असतं तर ती हसून निघून गेली असती.

काका वाकले आणि त्यांनी खिडकीच्या काठावर हात टेकवला.

“मला तो शब्द म्हणता... येत नाही,” ते म्हणाले. “म्हणजे... येतो. वेळ लागतो. त्या दिवशी मी घाबरलो. तो शब्द... ड... ड...”

मागून कोणीतरी हॉर्न वाजवला. नर्सने आरशात पाहिलं, हात बाहेर काढून मागच्याला बाजूने जायची खूण केली. मग तिने किल्ली फिरवून इंजिन बंद केलं, सीटचा पट्टा सोडला आणि त्यांच्याकडे वळून बसली.