पुठ्ठ्याचा मूस

"पळ, ओद्वार, पळ! लग्नाला निघालायस का?"

खडीच्या खाणीच्या काठावर बसलेली आमची सगळी टोळी हसली. ओद्वार म्हणजे माझ्या बहिणीचा नवरा. वय एकोणसत्तर. पाठीवर पिशवी, हातात बंदूक घेऊन तो धापा टाकत चढ चढत होता, आणि मी घड्याळ धरून वर उभा होतो. एरवी मी शाळेची बस चालवतो. शिकारीच्या हंगामात या टोळीचा म्होरक्या असतो.

नियम माझाच होता. दरवर्षीची सरकारी परीक्षा म्हणजे हवं तसं बसून, हवा तेवढा वेळ घेऊन, न हलणाऱ्या चित्रावर पाच गोळ्या. जंगलात मूस, म्हणजे घोड्याहून मोठं ते हरीण, तुमच्यासाठी थांबतो थोडाच! म्हणून यंदा मी जाहीर केलं की दीडशे मीटर चढ पळायचा, वर पोचताच टोळीतली गुन्वेग कातळाआडून दोरी ओढेल आणि पुठ्ठ्याचा मूस बर्चच्या झाडांमागून सरकत जाईल. वेळ दहा सेकंद, गोळ्या दोन. गोळी फुप्फुसाबाहेर गेली तर यंदा बंदूक नाही. हाकाऱ्यांबरोबर ओरडत चालायचं.

नियम कुणासाठी केलाय, ते सगळ्यांना ठाऊक होतं.

गेल्या ऑक्टोबरात एक मादी दलदलीतून पळत आली. मी टेकडी उतरून धावत तिला आडवा गेलो आणि उभ्यानेच बार टाकला. पलीकडे ओद्वार दबा धरून बसला होता, त्याचाही बार त्याच दमात झाला. ती पडली नाही. कुत्रा घेऊन आम्ही दोन दिवस तिचा माग काढला. दगडांवर रक्त, दात, हाडाचे तुकडे. दुसऱ्या संध्याकाळी ती ओढ्याकाठी दिसली. खालचा जबडा उडाला होता, जीभ छातीपर्यंत लोंबत होती. ती पुन्हा पुन्हा तोंड पाण्यात घालत होती आणि पाणी रक्ताबरोबर परत खाली सांडत होतं. मी तिच्या कानामागे गोळी घातली. अंगावर जखम ती एकच. दोघांपैकी एकाची गोळी हवेत गेली होती.

"हवेत गेली ती माझी असणार," मी म्हणालो होतो, "मी फुप्फुसावरच धरली होती."

ओद्वारने आपल्या थरथरत्या हाताकडे पाहिलं आणि मान डोलावली. त्या दिवसापासून टोळीत त्याचं नाव 'दातांचा डॉक्टर' पडलं. मी कुणाला अडवलं नाही.

आता तो वर पोचला. पुठ्ठा निघाला. ओद्वारने बंदूक खांद्याला लावली, नळी वरखाली झाली आणि त्याने ती खाली घेतली. पुठ्ठा निघून गेला.

"काय झालं, डॉक्टर? पेशंट पळाला?" कुणीतरी ओरडलं.

"श्वास लागला होता," ओद्वार म्हणाला. "मारली असती तर कुठेही लागली असती."

"मग तुझा मूस गेला की!" मी म्हणालो.

"गेला तर गेला."

"जी झाडलीच नाही ती गोळी बाहेर कशी जाईल?" गुन्वेग कातळाआडून म्हणाली. ती दवाखान्यात नर्स आहे, तिच्याशी कुणी वाद घालत नाही. तिने पुठ्ठा पुन्हा ओढला. या वेळी ओद्वारने एकच गोळी झाडली. फुप्फुसाच्या मधोमध.

"आता तू, आर्नफिन," गुन्वेग म्हणाली. "की म्होरक्याला माफी आहे?"

मी हसत खाली गेलो आणि पळालो. वर पोचलो तेव्हा काळीज कानात वाजत होतं. पुठ्ठा सरकत होता. तो पळतोय, पुढे धर, अजून पुढे! मी दोन्ही गोळ्या झाडल्या.

गुन्वेगने पुठ्ठा काठावर आणला. एक भोक नाकाच्याही पुढे, कोऱ्या कडेवर. दुसऱ्यात तिने बोट घातलं. ते जबड्यातून आरपार गेलं.

कॉफीची किटली उतू जाऊन विस्तवात चर्र झालं, तरी कुणी उठलं नाही.

"पुठ्ठा आहे रे तो," ओद्वार हळूच म्हणाला. "पुठ्ठ्यावरून काय कळतंय?"

तो मला वाट काढून देत होता, आणि ते मला सहन झालं नाही.

"ती माझी गोळी होती," मी म्हणालो. "तेव्हाच वाटलं होतं मला. बोललो नाही."

ओद्वार उठला आणि त्याने मला मारलं. त्या म्हाताऱ्याच्या मुठीत एवढा जोर असेल असं वाटलं नव्हतं. मी खडीवर पडलो, ओठ फाटला, एक दात हलला. त्याने मला कॉलर धरून वर ओढलं आणि आणखी एक ठेवून दिली.

"वर्षभर!" तो ओरडत होता. "वर्षभर ती माझ्या स्वप्नात पाणी प्यायला येतेय, हरामखोरा! तुरिड माझ्या शेजारी झोपत नाही, मी इतका किंचाळतो!"

तुरिड म्हणजे माझी बहीण. तिने मला हे कधी सांगितलं नव्हतं. त्याचा हात दुखेपर्यंत मी मार खाल्ला. कुणी मध्ये पडलं नाही आणि कुणी पडावं असं मलाही वाटलं नाही. लाज वाटत होती, इतकी की प्रत्येक ठोशाने थोडं बरं वाटत होतं.

हंगाम सुरू झाला तेव्हा मी नारिंगी कोट घालून, रिकाम्या हातांनी, हाकाऱ्यांबरोबर चाललो. तीन आठवडे ओद्वार माझ्याशी बोलला नव्हता. अकराच्या सुमारास झुडपातून एक नर उठला, माझ्यापासून दहा पावलांवर. मी टाळ्या पिटत बोंब मारली. तो दलदलीकडे वळला. तिकडे ओद्वारची जागा होती.

एक बार झाला. मी दुसऱ्याची वाट पाहत गुडघाभर पाण्यात उभा राहिलो. दुसरा झाला नाही.

बऱ्याच वेळाने खिशातला वॉकीटॉकी खरखरला.

"आर्नफिन," ओद्वार म्हणाला, "सुरी घेऊन ये. माझे हात थरथरतायत."

मी गेलो. त्याने पडलेल्या नराचा मागचा पाय उचलून धरला आणि मी पोट फाडायला घेतलं.